पुनमचं ताट

नांदेड, ७ ऑगस्ट २०२५

आई,

नमस्कार. फोनवर तुम्हाला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुमचे चिरंजीव रामलिंगदादा आपल्या मनचं सांगतात. म्हणून लिहूनच कळवते. चष्मा लावून, बसून वाचा. उभ्यानं वाचू नका.

माझं वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं आहे. हैदराबादला, एकवीस तारखेला. पोट काढून टाकत नाहीत, घाबरू नका. वरचा अंड्याएवढा भाग वेगळा करून त्याची पिशवी करतात आणि आतडं तिला जोडतात. मग माणूस चार-पाच चमच्यांतच पोटभर जेवतो. आमच्या कॉलेजच्या वाचनालयातली शिडी माझ्या पायाखाली करकरते तेव्हा सगळी पोरं पुस्तकं सोडून माझ्याकडे बघतात, ते तरी संपेल.

हसण्यावारी नेते आहे, पण गोष्ट तशी नाही. एकशे बावीस किलो झाले. साखर सुईनंही आवरत नाही. झोपेत माझा श्वास थांबतो आणि हे मला हलवून उठवतात. आदिनाथांना एकदा बायको गमवावी लागली आहे, ते पुन्हा बघायची त्यांच्यात ताकद नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर चाळिशी दिसायची नाही. मला जगायचं आहे, आई.

आता मुख्य बोलते. तुमच्या पुनमताई गेल्या, त्यानंतर वर्षानं मी या घरात आले. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही मुरुडहून येऊन माझ्या गळ्यात त्यांच्या नावाचा सोन्याचा टाक, सवतपुतळी, बांधलीत आणि म्हणालात, "आजपास्नं तू माझी लेक. तिच्या वाट्याचं तू जेवायचं." तेव्हापासून पितृपक्षात दर अविधवा नवमीला तुमच्याकडे येऊन ताईंच्या नावानं पाटावर मी बसते. शिवाय दर अमावास्येला तुमचा डबा येतो, तोही ताईंचाच. दहा वर्षं मी दोघींचं जेवले. यंदा नवमी पंधरा सप्टेंबरला आहे. तेव्हा माझं पोट कच्चं असेल. यंदा दुसरी कोणी सवाष्ण बसवा.

रागावू नका.

तुमची,
वर्षाराणी


मुरुड, १३ ऑगस्ट

वर्षा, तुझ्या आईचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. बसूनच वाचलं, तरी दोनदा वाचावं लागलं. भरल्या अंगाची बाई तू, चांगलं देवानं दिलेलं पोट कापून घेती व्हय? आदिनाथरावांनी हाव म्हटलं तर मी कोण बोलणार? जा. भवानी तुला सुखरूप आणो.

पण ते पथ्याचं काही मला सांगू नको. पथ्य ह्या शब्दाची मला भीती बसली हाय. माझी पुनम पथ्यावरच गेली. सातवा महिना, अंगावर सूज, बीपी चढलेलं. हे खायचं न्हाई, ते खायचं न्हाई. डोहाळजेवण झालं न्हाई तिचं. ताट मांडायचा दिवस ठरला व्हता आणि त्याच्या आदल्या आठवड्यात तिला झटके आले. पोटातल्या लेकरासकट गेली. दोन जिवांची बाई उपाशी गेली, वर्षा. ही गोष्ट आईच्या पोटातून कधी जात न्हाई.

दुसरी सवाष्ण बोलव म्हणतीस. मुरुडात सवाष्णी पायलीच्या पन्नास मिळतील. तुझ्यागत जेवणारी कुठून आणू? तू पाटावर बसतीस, पहिला घास तोंडात घालतीस, डोळे मिटतीस, तवा मला तू दिसत न्हाईस. माझी पुनम जेवून राहिली असं दिसतं. वर्षातला तेवढा एक दिवस मी पोटभर झोपते.

त्या दिवसाचं पुढं बघू. आधी नीट होऊन ये.

कस्तुराबाई


नांदेड, २ सप्टेंबर

आई,

मी आहे. बरी आहे. ऑपरेशन होऊन पुन्हा घरी आले. पोटावर पाच टाचण्या मारल्यासारखी भोकं आहेत, तेवढंच. दुसऱ्याच दिवशी मला उठवून चालवलं. व्हरांड्यात माझ्यासारखे पाच-सहा जण सलाईनचा खांब धरून फेऱ्या मारत होते. लग्नाच्या वरातीत चुकून घुसल्यासारखं वाटत होतं.

आता माझं खाणं ऐका. औषधाच्या झाकणाएवढ्या कपातून पाणी, तेही घोट घोट. गटागट प्यायचं नाही. नळीनं ओढायचं नाही, पोटात हवा जाते. डाळीचं गाळलेलं पाणी, ताक, दुधात मिसळायची प्रोटीनची पूड. खाणं आणि पाणी एका वेळी नाही, मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा. गोळ्या आता जन्मभराच्या. आहाराच्या बाई फोन करून रोज विचारतात, "अम्मा, चली क्या?" मी चालते. पुढच्या आठवड्यापासून मऊ, कुस्करलेलं सुरू होईल. काल शेजारी महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्यांचा वास भिंतीपलीकडून येत होता आणि मी ताकाची वाटी घेऊन बसले होते.

पण आई, मला त्रास झाला नाही. तेच सांगायचं आहे. माझी भूक गेली. कमी झाली नाही, गेलीच. दहा वर्षं सकाळी डोळा उघडायच्या आधी ती जागी असायची. जेवून उठलं तरी पाठीमागं उभी असायची. आता पोटात कोणीच नाही. घर रिकामं करून कोणी भाडेकरू गेल्यासारखं वाटतं. सुख वाटायला हवं. वाटत नाही. ती गेली कुठं, असं वाटत राहतं.

आणि दुसरं एक. मला गोडाची किती आवड, तुम्हाला ठाऊक आहे. आता गोड वासही सहन होत नाही. मीठ हवंसं वाटतं. नुसतं मीठ. परवा डब्यातला खडा उचलून जिभेवर ठेवला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, कशाचं ते कळेना. बाई म्हणतात, ऑपरेशननंतर चवी बदलतात, घाबरायचं नाही. पण हे कामावर गेले की दुपारी मी एकटी पडलेली असते, तेव्हा स्वयंपाकघरात ताट सरकल्याचा आवाज येतो. उठून बघते. ताटं जागच्या जागी असतात.

अशक्तपणानं होत असेल. तुमची तब्येत कळवा.

वर्षाराणी


मुरुड, ६ सप्टेंबर

वर्षा,

मिठाचं तुला कोणी सांगितलं? खरं सांग. आदिनाथरावांना हे ठाऊक न्हाई. रामलिंगला न्हाई. तुझे सासरे तवा गावी व्हते. मी आजपतोर कुणापाशी बोलले न्हाई.

पुनम दवाखान्यात पडली व्हती, त्या शेवटच्या दोन दिवसांत ती एकच मागून राहिली व्हती. "आई, जिभेला चव न्हाई गं. मिठाचा खडा दे." नर्सबाईनं देऊ दिला न्हाई. तिचंही खरं व्हतं, बीपी चढलेलं. मी पदर तोंडात कोंबून बसले. पोरीनं पुरणपोळी मागितली न्हाई, बासुंदी मागितली न्हाई. मीठ मागितलं. असं मागणं कोणाचं अपुरं राहावं का?

आता ते तुझ्या जिभेवर आलं. तू म्हणतीस भूक कुठं गेली. ती तुझी नव्हतीच बाई. तिची व्हती. दहा वर्षं तुझ्या पोटात बसून जेवली, आता तिची जागा मोडली तर स्वयंपाकघरात हिंडून राहिली. ताट धुंडून राहिली.

वर्षा, मी तुझ्या पाया पडते. नवमीला तिला उपाशी ठेवू नको. तुला इकडं येववणार न्हाई, मी ताटच पाठवते. रामलिंग सकाळच्या एसटीनं घेऊन येईल. तुझ्या कागदावर मऊ खायचं लिहिलंय न्हाई का? मग पुरण काय दगड हाय? दोनदा वाटून पाठवते, पोळी करत न्हाई. भात कुस्करून, त्यावर कटाची आमटी. आणि वाटीत मीठ. जेवढं जाईल तेवढं खा. पण पाटावर बस. तू न्हाई बसलीस तर मी तिला काय तोंड दाखवू?

आई


नांदेड, १० सप्टेंबर

आई,

तुमचं पत्र मी कितीदा वाचलं ते विचारू नका. मिठाचं मला कोणीही सांगितलं नव्हतं. शपथ.

मी बसेन. यांना सांगितलं नाही. आहाराच्या बाईंनाही पुरणाचं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. कागद पुन्हा काढून बघितला. मऊ, गुठळी नसलेलं, चमच्यानं खाता येईल असं, हे लिहिलं आहे. पुरण त्यात बसतं. गोड नको असंही वरच्या ओळीत लिहिलं आहे, पण तीन चमच्यांनी काय होणार? मनाची समजूत घालायला मी फार हुशार आहे, वाचनालयात बसून एवढं तरी शिकले.

खरं कारण सांगू? माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही. लग्नानंतर पहिल्या नवमीला तुम्ही माझ्या ताटात तूप ओतलंत आणि "अजून घे गं माय" म्हणालात, तेव्हा मला पहिल्यांदा कोणी आग्रह केला होता. मी त्या दिवशी सहा पोळ्या खाल्ल्या. भूक नव्हती. तुम्ही थांबू नये म्हणून खात होते. माझ्या अंगावर जे चढलं ते असं चढलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही. भीती मात्र आहे. मी जेवले नाही तर तुम्ही माझ्या घरी कशाला याल?

आवाज अजून येतो. काल दुपारी कोणीतरी ताट बोटानं पुसून चाटतंय असं वाटलं. मी हाक मारली, "ताई?" आवाज थांबला. थांबला म्हणून जास्त भीती वाटली.

रामलिंगदादांना दुपारच्या आत यायला सांगा.

वर्षा


मुरुड, १८ सप्टेंबर

वर्षा,

हे पत्र तुला कोण वाचून दाखवील ठाऊक न्हाई. आदिनाथराव फोनवर माझ्याशी बोलेनात. रामलिंगशी बोलले, तेही दोन शब्द. तू दवाखान्यात हाईस, शुद्धीवर हाईस, एवढंच कळलं. मी निघाले व्हते. पण पाऊस उघडायचं नाव घेईना, पुलावरून पाणी हाय म्हणून गाडीनं आम्हाला अर्ध्या वाटेवरून माघारी आणलं.

रामलिंग आला तवापासनं जेवला न्हाई. तो म्हणतो, तू पाट मांडलास, ताट वाढलंस, आणि त्याला बाहेर बसा म्हणालीस. तो बाहेरच्या खोलीत बसला. आत जेवल्याचा आवाज यायला लागला. पहिल्यांदा सावकाश. मग भराभर. तो म्हणतो, "आई, एका माणसाचं जेवण न्हाई वाटलं मला. दोघी बसल्यागत वाटलं." मग तू पडल्याचा आवाज आला. आत गेला तर तू घामानं न्हालेली, पांढरीफटक, पोट धरून. आणि ताट लख्ख. भाताचं शीत न्हाई. मिठाची वाटीसुद्धा रिकामी.

एवढं सगळं तू खाल्लंस का गं? त्या एवढ्याशा पोटात? मी थोडंच खा म्हटलं व्हतं. माझ्यामुळं तुझे टाके तुटले का? मी पुनमपायी तुला मारून बसले का? एक ओळ लिही. न्हाई तर कोणाकडून तरी लिहून घे.

कस्तुराबाई


नांदेड, २४ सप्टेंबर

आई,

स्वतःच्या हातानं लिहिते आहे. काल घरी आले. टाके शाबूत आहेत. गोड गेलं की या नव्या पोटात थांबत नाही, तडक आतड्यात उतरतं. मग घाम, छातीत धडधड, चक्कर. त्यात मला उलट्यांवर उलट्या झाल्या आणि अंगातलं पाणी आटलं. टाके फाटले असते तर मी हे पत्र लिहिलं नसतं, असं डॉक्टरांनी मला यांच्यासमोर सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

आता जे झालं ते सांगते. मी ते फक्त तुम्हाला सांगणार आहे.

मी तीन घास खाल्ले. एक पुरणाचा, एक भाताचा, आणि चिमूटभर मीठ. मोजून तीन. तिसऱ्या घासाला छातीत दगड अडकल्यासारखं झालं आणि मी हात मागं घेतला. ताट भरलेलं होतं. नंतर कानात घंटा वाजायला लागल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली, पाटावरून उठताही येईना. पण आवाज चालू होता, आई. माझा हात मांडीवर होता आणि समोर ताटात बोटं फिरल्याचा आवाज चालू होता. मी मान वर केली नाही. माझी हिंमत झाली नाही. कोणीतरी फार दिवसांनी जेवत होतं, एवढं कळत होतं. मला त्या क्षणी भीतीपेक्षा दया आली. मग मी पडले.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. म्हणाले, एवढ्या पिशवीत ताटभर जेवण मावूच शकत नाही, सांगणाऱ्याची काहीतरी चूक झाली असेल. रामलिंगदादांनी ताट कुठं सांडलं नाही ना, असं यांनी दहादा विचारलं. ते तसे माणूस नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. मग ते अन्न कुठं गेलं?

पण एक गोष्ट मी दवाखान्यात पडून ठरवली. मी यापुढे ताईंच्या पाटावर बसणार नाही. यंदाच नाही, कधीच नाही. माझं पोट आता एका माणसालाही पुरत नाही, दोघींना कुठून पुरणार? तुम्हाला आवडो न आवडो, मी माझ्यापुरती जेवणार आहे. चार चमचे वरण, कुस्करलेलं पनीर, सावकाश चावून.

मी पुनमताईंच्या जागी बसत होते म्हणून तुमची लेक होते. त्या जागेवरून उठले तर मी तुमची कोण? सवतीची आई आणि मी, आपलं नातं जगात कोणी धरत नाही. तुम्हाला वाटेल ते उत्तर द्या. पण खरं द्या.

वर्षाराणी


मुरुड, १ ऑक्टोबर

वर्षा,

खरं उत्तर मागितलंस. सांगते. मधे बोलू नको, म्हणजे वाचताना मनात म्हणून.

तुझं पत्र यायच्या आधीच सर्वपित्री अमावास्या झाली. तू दवाखान्यात. मी दुसरी सवाष्ण बोलावली न्हाई. माझ्या हातानं सगळं रांधलं, पाट मांडला, पाटावर कोणी न्हाई. समोर ताट वाढलं. तिच्या आवडीचं सगळं, मीठ पहिलं. आणि म्हटलं, "पुनम, जेव बाई." दार लोटून घेतलं आणि त्याच खोलीत भिंतीला टेकून बसले. रामलिंगला आत येऊ दिलं न्हाई. मनात म्हटलं, तुझ्याकडं आली, तशी माझ्याकडं येईल. मी तर तिची आई.

दुपार झाली. आमटीवर साय धरली. दिवेलागण झाली. पुरण सुकून त्याला चिरा गेल्या. ताट जसंच्या तसं, वर्षा. मुंगीसुद्धा आली न्हाई. मी हाका मारल्या. आधी हळू, मग मोठ्यानं. रामलिंगची बायको दाराबाहेर रडून राहिली. आत कोणी न्हाई. कोणी म्हणजे कोणीच न्हाई. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला ते कळलं.

माझी पुनम मेली, वर्षा.

हसशील तू. म्हातारीला आज समजलं म्हणशील. पण दर नवमीला तू जेवायचीस आणि मला वाटायचं, हाय, लेक माझी हाय, नांदेडला हाय, चांगली जाडजूड झाली हाय. तू जेवत व्हतीस तोवर मी तिला मरू दिलं न्हाई. तुझ्या अंगावर जे चढलं, ते माझं न रडलेलं रडणं व्हतं. ह्या नवमीला ती तुझ्या घरी शेवटचं जेवली आणि गेली. माझ्याकडं यायचं तिला काही राहिलं न्हाई. त्या रात्री मी रडले. दवाखान्यात रडले नव्हते, तिला नेली तवा रडले नव्हते, ते सगळं रडले. गल्ली जागी झाली.

तू विचारतीस, तू माझी कोण. पोरी, माझ्या दोन लेकी व्हत्या. एक मेली असून मी जिवंत ठेवली आणि जी जिवंत व्हती तिला तिच्या पाटावर बसवून मारायला निघाले. आता मला एकच लेक राहिली. तिचं नाव वर्षा. ती चार चमचे खाते. खाऊ दे. दोन चमचे खाल्लेस तरी मी तुझ्या घरी येईन, आणि काही न खाता नुसती समोर बसलीस तरी येईन. तू फक्त मरू नको. मला दुसऱ्यांदा जमायचं न्हाई.

आदिनाथरावांना सांग, मी त्यांच्या पाया पडते. त्यांची समजूत मी स्वतः काढीन. पाणी उतरलंय, एसट्या चालू झाल्यात. सोमवारी निघते. डबा आणत न्हाई. आल्यावर तुझ्या त्या आहाराच्या बाईंना फोन लाव आणि मोठ्यानं बोलायला सांग. वरण किती शिजवायचं, किती घोटायचं, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं हाय.

तुझी आई